लोगोमागची ओळ

बायोस अपडेट करून द्या म्हणून कोणी आलं, की माझं पहिलं उत्तर 'नाही' असतं. गिऱ्हाईक तोंड पाडतं. पाडू दे. चालतंय ना तुमचं मशीन? मग सुखाने चालू द्या की! काहीतरी नवीन आलंय एवढ्यावरच लोक इतके हुरळून जातात, की एकेकाला हाताला धरून दुकानाबाहेर काढावंसं वाटतं.

मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते. गाढ झोपेतून उठल्यावर आपण कोण, कुठे आहोत, हात कुठे, पाय कुठे, हे माणसाला क्षणभर आठवावं लागतं. मशीनला त्याची आठवण करून देणारं जे काही असतं ते त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. त्याचं नाव बायोस. बाकी सगळं त्याच्यानंतर. अपडेट म्हणजे ते पुसायचं आणि त्या जागी नवं लिहायचं. पुसून झालं आणि लिहायच्या आत वीज गेली, तर मशीनला आपण मशीन आहोत हेसुद्धा आठवत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि समोर काळा पडदा.

म्हणून माझी पथ्यं आहेत. बोर्डाचं नाव आणि कोपऱ्यातला बारीक आकडा मी भिंगातून मोठ्याने वाचते, मग तोच गिऱ्हाइकाला वाचायला लावते. एकाच नावाचे दोन बोर्ड निघतात, फरक फक्त त्या आकड्याचा, आणि एकाची फाइल दुसऱ्यात घातली की बोर्ड गेला. जुन्या बायोसची प्रत आधी काढून ठेवते. मशीन यूपीएसवर घेते. एकदा एका शहाण्याने ऐन अपडेटमध्ये माझी पिन काढून स्वतःचा फोन चार्जिंगला लावला होता. तेव्हापासून अपडेट चालू असताना मी स्विचबोर्डाला पाठ लावून बसते आणि कोणालाही बोलू देत नाही. आणि मशीन कसलंही असो, कोणाचंही असो, टेबलावर आलं की सगळ्यांत आधी त्याच्या बायोसच्या सेटिंग मूळच्या करून टाकते. लोक काहीबाही करून ठेवतात. पाटी कोरी असली की मला बरं वाटतं.

हे सगळं एवढं सांगायचं कारण, त्या मशीनच्या बाबतीत मी यातलं एकही पथ्य मोडलेलं नाही.

पहिल्यांदा आली ती त्या घरातली लेक. दुपारी, दुकानात कोणी नसताना. माझं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली आहे. आत येणारा प्रत्येक जण वाकून येतो आणि विचारतो, "मालक आहेत का?" मी म्हणते, "बोला." तो माझ्या मागे बघतो. मागे भिंत आहे. हिने तसं काही विचारलं नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्या दादाचं मशीन एकदा दुरुस्त केलं होतं. अकरा महिन्यांपूर्वी. तो गेल्यावर."

मला आठवलं. काळी पेटी, आतल्या वायरी इतक्या नीट बांधलेल्या की मी दोन मिनिटं नुसतं बघत बसले होते. सुरू होत नव्हतं. मेमरी साफ केली, सेटिंग मूळच्या केल्या, चालू झालं. हिचाच नवरा येऊन घेऊन गेला होता.

"ते रोज सव्वाचारला आपोआप सुरू होतं," लेक म्हणाली. "कोणी हात लावत नाही. कंपनीचा लोगो येतो आणि खाली पासवर्डची चौकट. आई त्याच्यासमोर जाऊन बसते. तीन वेळा काहीतरी टाकते, तिन्ही वेळा चुकतं, मग मशीन तसंच राहतं आणि बारा मिनिटांनी बंद होतं. रोज. अकरा महिने."

"टायमर लावलेला असेल. बायोसमध्ये असतो तसा. मी काढून देते."

"नुसता टायमर नाही ताई. सकाळपासून ती त्या बारा मिनिटांसाठी बसलेली असते. बाहेर जाणं नाही, कोणाशी बोलणं नाही. दादा गेल्यापासून मी माझं घर सोडून तिच्याकडे राहतेय. रोज समोर असते तिच्या. मी तिला दिसतच नाही." तिने पदर वगैरे काही डोळ्यांना लावला नाही. रागावलेलीच होती. "आता ते मध्येच बंद पडायला लागलंय. बाराची दहा झाली, दहाची आठ. आई दुरुस्तीला आणेल तुमच्याकडे. तेव्हा काय वाटेल ते करा, पण ते सव्वाचारचं तेवढं बंद करा. मला माझी आई परत पाहिजे. आणि मी येऊन गेले हे तिला सांगू नका."

दोन दिवसांनी आई आली. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली, म्हणून मीही तिला बाईच म्हणायला लागले. मागे लेक, हातात मशीन, चेहरा असा की मला जन्मात कधी पाहिलं नाही. बाईंनी वाकून आत पाऊल टाकलं, खोली बघितली, टेबलावरचा पसारा बघितला आणि म्हणाल्या, "फडकं मारत जा गं रोज." मला कोणी असं बोललेलं खपत नाही. मी गप्प फडकं मारलं.

चार वाजायला आले होते. मशीन जोडलं आणि आधी बायोसमध्ये शिरले. टायमर शोधला. बंद होता. बंदच असणार, मीच तर सगळं मूळचं करून दिलेलं. मग नेटवर्कवरून जाग येते का ते पाहिलं, केबलच नव्हती. कीबोर्डवरून येते का, तेही बंद. मी मशीन बंद केलं, कीबोर्ड काढून बाजूला ठेवला आणि हाताची घडी घालून बसले.

सव्वाचारला पंखा फिरला.

बाई हसल्या. नातेवाईक वेळेवर स्टेशनावर उतरावा तसं. "दे तो कीबोर्ड," म्हणाल्या, "शाळेतून यायची वेळ आहे ही त्याची."

पिशवीतून त्यांनी एक शाळेची वही काढली. पानापानावर तारीख आणि तारखेपुढे तीन शब्द. टोपणनावं, गावांची नावं, एका मांजराचं नाव, जन्मतारखा उलट्या-सुलट्या. हजारेक तरी शब्द असतील. त्यांनी त्या दिवसाचे तीन टाकले. तिन्ही चुकले. सहाव्या मिनिटाला मशीन बंद पडलं.

"बघितलंस?" बाई म्हणाल्या. "वेळ कमी होत चाललाय. हे तेवढं नीट कर."

दोष सापडायला वेळ लागला नाही. हा बोर्ड मध्येच बंद पडतो अशी तक्रार पुष्कळांची होती, आणि बनवणाऱ्यांनी त्यावर नवं बायोस काढलेलं होतं. सव्वाचारचंही त्यानेच जाईल असं माझं मत. जुन्या बायोसमध्येच काहीतरी बिघाड आहे, तो भलत्या वेळी जाग आणतो, एवढंच. मी दोघींना तसं सांगितलं. पण एक अडचण होती आणि ती सांगणं माझं काम होतं.

"हा पासवर्ड डिस्कचा आहे," मी म्हटलं. "तो विचारायचं काम बायोस करतं. काही बोर्डांमध्ये बायोस बदललं की ते तोच पासवर्ड डिस्कला वेगळ्याच तऱ्हेने कळवतं. मग खरा पासवर्ड टाकला तरी डिस्क ओळखत नाही. कायमची बंद. म्हणून अपडेटच्या आधी पासवर्ड काढून टाकायचा असतो. आणि काढायला तो माहीत पाहिजे."

"डिस्क गेली तर जाऊ दे," लेक म्हणाली.

"काय बोलतेस!" बाई तिच्यावर कडाडल्या. "त्याचं सगळं आहे त्यात."

"सगळं त्याचंच आहे आई. त्या घरात माझं काय आहे?"

खोली लहान, आणि मायलेकी एकमेकींकडे बघेनात. मला असल्या वेळी काय करावं ते कळत नाही. मी म्हटलं, मशीन दोन दिवस राहू द्या, मध्येच बंद पडताना ते स्क्रीनवर काही सांगतंय का ते मला बघायचंय. आणि ते बघायचं तर कंपनीचा तो मोठा लोगो आधी बाजूला करायला हवा. मशीन जागं होताना बारीक अक्षरांत बरंच काही लिहीत असतं, लोगो त्याच्यावर पडद्यासारखा येतो. बायोसमध्ये एक सेटिंग असते, लोगो दाखवा किंवा दाखवू नका. मूळची सेटिंग 'दाखवा' असते. ज्यांना मशीनमधलं कळतं ते पहिल्या दिवशीच ती बंद करतात.

ती सेटिंग बदलता बदलता माझा हात थांबला. असल्या वायरी बांधणारा मुलगा लोगो ठेवेल? त्याने तो नक्की बंद केलेला असणार. आणि मी, माझ्या पथ्याप्रमाणे, अकरा महिन्यांपूर्वी तो परत चालू करून दिला होता. आई रोज त्या लोगोकडे बघत बसली होती. मागे काय आहे, कोणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई चारलाच हजर. लेकही. सव्वाचारला पंखा फिरला. या वेळी लोगो आला नाही. काळ्यावर पांढऱ्या ओळी: प्रोसेसर, मेमरी, डिस्क. मग चौकट. बाईंनी वहीतला पहिला शब्द टाकला.

चौकटीच्या खाली एक ओळ उमटली. अक्षरं इंग्रजी, शब्द आपला.

थंड.

बाईंचा हात तोंडावर गेला. लेक पुढे वाकली, तिने दोनदा वाचलं आणि एकदम पांढरीफटक पडली. "हा तर तुमचा दोघांचा खेळ," ती हळूच म्हणाली.

खेळ सगळ्यांना माहीत आहे. एकाने लपवायचं, दुसऱ्याने शोधायचं, आणि शोधणारा लांब गेला की थंड, जवळ आला की गरम, अगदी टेकला की चटका. पण या घरात वस्तू लपवत नसत. मुलगा स्वतःच लपायचा आणि लपल्या जागेवरून ओरडायचा, आई थंड, आई गरम. "आवाजावरून कळायचंच की हो कुठे आहे ते," बाई मला सांगत होत्या आणि हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पडद्याखाली पावलं दिसायची त्याची. पण लगेच धरलं तर खेळ कसला? मी आपली घरभर हिंडायची. डब्यात बघ, बादलीत बघ. असा चिडायचा, मुद्दाम करतेस म्हणून!"

मी मात्र मनातून सुटल्यासारखी झाले. म्हणजे हे भूतबीत काही नाही. मुलगा हुशार, बोर्डांमध्ये खेळणारा. आजारी होता म्हणे, आपण जाणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने चिपमध्ये चार ओळींचा प्रोग्रॅम घुसवला, आईसाठी. शब्द लांब असेल तर थंड म्हण, जवळ असेल तर गरम. सव्वाचारची जागही त्यातच कुठेतरी. करता येतं असं. मला त्या मुलाचं इतकं कौतुक वाटलं, आणि स्वतःचा इतका राग आला. एवढी खटपट करून त्याने आईशी बोलायची सोय केली, आणि मी तिच्यावर लोगो चिकटवून बसले.

दुसरा शब्द. थंड.

तिसरा शब्द टाकायच्या आधी बाईंनी वही मिटली. थोडा वेळ बोटं नुसती कीबोर्डावर ठेवून बसल्या. मग काहीतरी टाकलं, भराभर, न बघता.

ओळ उमटली. आई, मुद्दाम करतेस.

पाचव्या मिनिटाला मशीन बंद पडलं आणि पंख्याचा आवाज थांबल्यावर बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं ते ऐकू यायला लागलं. तरी मी मनाशी म्हणत होते, अमुक इतके शब्द चुकले की असं म्हण, हेही लिहून ठेवता येतं.

"आई," लेक म्हणाली. "तुला माहितीये पासवर्ड."

बाईंनी वही उघडून आमच्यापुढे सरकवली. पहिल्याच पानावर, दुसऱ्या दिवसाच्या तारखेपुढे, एक शब्द लिहून इतका खोडला होता की कागद फाटला होता. "दुसऱ्याच दिवशी सुचला," त्या म्हणाल्या. "टाकला नाही. सापडला की खेळ संपतो ना गं. मग तो सव्वाचारला कशाला येईल?"

लेक उठून बाहेर जाऊन उभी राहिली. मी बाईंना जेवढं कठोर बोलता येतं तेवढं बोलले. म्हटलं, बाई, खेळ तसाही संपतोय. आज पाच मिनिटं, उद्या चार, आठवड्याभरात हे मशीन मरेल आणि डिस्क बंदच्या बंद राहील. ना तो, ना त्याचं काही. आणि ती बाहेर उभी आहे ती हाडामांसाची आहे, ती दिवसभर असते तुमच्याजवळ, सव्वाचारची वाट न बघता. बाई माझ्याकडे वर्गातल्या उद्धट मुलीकडे बघावं तसं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या येते. उद्या टाकते."

त्या संध्याकाळी मी जुन्या बायोसची प्रत काढली. ती काढायचीच होती. पण काढल्यावर मला राहवेना, मुलाने ते कसं केलंय ते बघायचं होतं. प्रत उघडून तिच्यात शोध घेतला. थंड. नाही. गरम. नाही. आई. नाही. म्हटलं, अक्षरं गुंतवून ठेवली असतील. मग कंपनीचीच जुनी फाइल उतरवून घेतली आणि दोन्ही एकमेकींशेजारी ठेवून ताडून पाहिल्या. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एक. चिपमध्ये कोणी काहीही घुसवलेलं नव्हतं. मी चिपची प्रत पुन्हा काढली, पुन्हा ताडली. तेच.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. मला वाटलं, जे काही आहे ते उद्या पुसलंच जाणार आहे. लेकीला आई मिळेल. सांगून कोणाचं भलं होणार होतं?

दुसऱ्या दिवशी बाई नीट केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून आल्या. सव्वाचारला पंखा फिरला, चौकट आली. गिऱ्हाईक पासवर्ड टाकत असेल तेव्हा मी छताकडे बघते, तेही एक पथ्यच. छताकडे बघत मी कीबोर्डाचे आवाज मोजले. सहा. मग लेकीचा श्वास ऐकू आला म्हणून खाली पाहिलं.

सापडलो. आता तू लप.

"बरं," बाई म्हणाल्या. अगदी सहज, पलीकडच्या खोलीतून कोणी हाक मारल्यावर म्हणावं तसं.

ओळ गेली आणि डिस्क उघडली. वेळ थोडा होता म्हणून मी घाई केली. पुन्हा सुरू करून तोच पासवर्ड बाईंकडून टाकून घेतला आणि काढून टाकला. दुसऱ्या डिस्कवर सगळ्याची नक्कल करून घेतली, ती दुसऱ्या मशीनवर, निवांत. फोटो होते, कामाच्या फाइली होत्या, गाणी होती. लेक एकेक फोटो बघत होती. दोन भावंडं एका सायकलवर. बाईंनी त्यांच्यावर एकदाच नजर टाकली. त्यांचं लक्ष कुठेतरी दुसरीकडेच होतं.

मग अपडेट. भिंगातून बोर्डाचं नाव वाचलं, आकडा वाचला. बाईंना वाचायला लावला, लेकीला लावला. मशीन यूपीएसवर. दार लावून घेतलं. स्विचबोर्डाला पाठ लावून बसले. "आता कोणी बोलायचं नाही," मी म्हटलं आणि बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली. पुसणं चालू असताना एकदा दिवे मिचमिचले, यूपीएस ओरडला, आणि माझ्या कपाळावरचा घाम नाकावर आला. पट्टी थांबली नाही. लिहून झालं, तपासून झालं, मशीन स्वतःहून बंद झालं आणि सुरू झालं. लोगो आला. मी आत जाऊन तो बंद केला, पुन्हा सुरू केलं. पांढऱ्या ओळी: प्रोसेसर, मेमरी, डिस्क. खाली काही नाही. स्वच्छ.

मशीन दोन दिवस ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी सव्वाचारला मी त्याच्यासमोर बसले होते. चार सोळा झाले, सतरा झाले. पंखा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतकी खूश झाले की दुकानातल्या पोरकट गिऱ्हाइकांशीसुद्धा गोड बोलले. लेकीला फोन केला. तीही हसत होती. आई बाजारात जाऊन आली म्हणे, पोटभर जेवली, गाणं गुणगुणत कपाटं आवरत होती. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू," म्हणाली. मी म्हटलं, मशीन मीच आणून देते.

तिसऱ्या दिवशी खोक्यात नीट बांधून, रिक्षातून, मांडीवर घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. दार लेकीने उघडलं. घरात उजेड भरपूर, खिडक्या सताड उघड्या, पडदे धुऊन लावलेले. मला बरं वाटलं.

"आई, ताई आल्या," लेकीने आत हाक मारली. "आत्ता इथेच होती," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून मोरीत. गच्चीत. मी खोकं दोन्ही हातांत धरून तशीच उभी. "चपला तर इथेच आहेत," लेक परत येऊन म्हणाली. तिच्या आवाजात अजून काळजी नव्हती, नुसतं नवल होतं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

"थंड," आतल्या खोलीतून आवाज आला.

आम्ही दोघी त्या खोलीच्या दारात गेलो. पलंग, खिडकी, मोठं लाकडी कपाट. कपाटाचं दार बोटभर उघडं आणि फटीतून साडीचा काठ बाहेर आलेला. लेकीने माझ्याकडे बघितलं, तिला हसू येत होतं की रडू ते कळेना. "आई," ती म्हणाली, "अगं, बाहेर ये. काय हे पोरासारखं!"

"थंड," आतून बाई म्हणाल्या. आवाज दाबलेला, आनंदाने भरलेला. लहानपणी लपल्यावर आपल्याला हसू आवरत नसे, तसा.

लेक पाऊल टाकणार, तेवढ्यात आतून पुन्हा आवाज आला.

"गरम."

लेक थांबली. मी तर जागची हललेच नव्हते. तिचं पाऊल अजून उंबऱ्याच्या आतही पडलं नव्हतं. मशीन माझ्या हातांत, खोक्यात, सुतळीने बांधलेलं. खोलीत कोणी नव्हतं. पलंगावरची चादर, खिडकीतलं ऊन, जमिनीवर काही नाही.

"गरम. गरम." मग बाई खुदकन हसल्या. "चटका!"

कपाटाचं दार उघडलं. ते कसं उघडलं हे मला विचारू नका. बाई कपड्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, केस विस्कटलेले, गाल लाल, आणि इतक्या सुखी, की तसं सुखी माणूस मी पुन्हा पाहिलेलं नाही. त्यांनी वर बघितलं. आमच्याकडे नाही. आमच्या आणि त्यांच्या मध्ये, कमरेएवढ्या उंचीवर.

"किती वेळ लावलास रे!" त्या म्हणाल्या.

लेक धावली. कपाटासमोर गुडघ्यांवर बसून तिने आईचे दोन्ही हात धरले आणि हलवायला लागली. "आई, माझ्याकडे बघ. मी आहे आई. मी आहे ना इथे!"

बाईंनी हात सोडवून घेतले. हळूच, न रागावता. शाळेत मधल्या सुट्टीत मध्ये मध्ये येणाऱ्या लहान मुलीला बाजूला करावं तसं तिला खांद्याला धरून बाजूला केलं.

"तू मध्ये नको गं येऊस," त्या म्हणाल्या. "डाव आमच्या दोघांचा आहे."

लेक तिथेच जमिनीवर बसून राहिली.